उन्हाळ्यात विसावणारी बाग

भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे तेथील अनेक वनस्पती उन्हाळ्यात वाढ थांबवतात, ज्या अवस्थेला ग्रीष्मसुप्ती म्हणतात. रोझमेरीचे सुईसारखे पान उलटून पाहिले, तर त्याच्या कडा आत वळलेल्या आणि खालची बाजू पांढुरक्या लवेने झाकलेली दिसते. पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, या लवेआड असल्याने पाणी कमी उडते. उन्हाळा असा कोरडा असल्यानेच तेथील जाणकार बागप्रेमी लागवड शरदातल्या पहिल्या पावसानंतर करतात, जेणेकरून उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात.

अथेन्सजवळील स्पारोझा येथे नगररचनाकार जॅकलिन टिरविट यांनी खडकाळ उतारावर अशीच कमी पाण्याची बाग फुलवली आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मेडिटरेनियन गार्डन सोसायटीचे ते केंद्र ठरले. या संस्थेचे विविध देशांतील सभासद बियांबरोबर अनुभवांचीही देवाणघेवाण करतात.

महाराष्ट्रात मात्र पाऊस उष्ण हवेत कोसळत असल्याने लॅव्हेंडर व रोझमेरीची मुळे कुजू शकतात. त्यांना रेतीमिश्रित मातीच्या कुंडीत, पावसाळ्यात वळचणीखाली ठेवणे हिताचे. झाडाच्या मूळ प्रदेशातील ऋतू ओळखणे, हीच बागकामाची पहिली पायरी होय.