अवर्षणाच्या खोऱ्यातील पाण्याची प्रत : कवठे येमाईचा परिसर

नदीच्या पाण्याचा विचार करताना सामान्यतः त्याच्या विपुलतेचा अथवा दुर्भिक्ष्याचा विचार होतो. त्याच्या प्रतीचा प्रश्न मागाहून उपस्थित होतो. अवर्षणप्रवण प्रदेशात मात्र हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई व त्याभोवतीचा टापू हे याचे बोलके उदाहरण होय.

हा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घोड नदी सह्याद्रीत उगम पावते, कुकडी तीस येऊन मिळते आणि पुढे घोड भीमेत विलीन होते. उगमाकडे पाऊस मुबलक. शिरूर-दौंडकडे येताच तो झपाट्याने घटतो. त्यामुळे येथील शेती डिंभे, येडगाव इत्यादी जलाशयांच्या पाण्यावर आणि विहिरींवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात पात्रातील प्रवाह जलाशयांतून सोडलेल्या पाण्यावरच बहुतांशी टिकून राहतो.

प्रवाह आटला की त्याची मलिनता पचविण्याची शक्तीही आटते. समजा, दर सेकंदास १,००० लीटर वाहणाऱ्या प्रवाहात जैवरासायनिक प्राणवायूची मागणी दर लीटरला २ मिलिग्रॅम आहे. त्यात दर सेकंदास १० लीटर सांडपाणी मिसळले व त्याची तीच मागणी २०० मिलिग्रॅम असली, तर मिश्रणात ती सुमारे ४ होते. प्रवाह १०० लीटरवर आला असता तेवढेच सांडपाणी तीच मागणी २० पर्यंत नेते. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ३ ची मर्यादा घातली आहे. म्हणजे सांडपाणी यत्किंचितही न वाढता नदी दूषित होऊ शकते.

दुसरा दोष भूमीतून येतो. येथील काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. उसास वारंवार दिलेल्या पाण्यापैकी बरेचसे बाष्परूपाने उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. खतांतील नायट्रेटसह ते झिरपून विहिरीत उतरतात. तेच पाणी उपसून पुन्हा शेतास दिले की क्षारांची घनता वाढत जाते. निचरा खुंटलेल्या जमिनी अशानेच चोपण होतात. भारतीय मानकानुसार पेयजलात नायट्रेट दर लीटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. त्याचे आधिक्य विशेषतः तान्ह्या मुलांस घातक ठरते, कारण रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट नाहीसे होत नाही. पाणी आटल्याने त्याची घनता उलट वाढते. म्हणून या बाबतीत परीक्षणाविना उपाय नाही.

तिसरा घटक औद्योगिक होय. शिरूर तालुक्यात रांजणगाव व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत व तेथून उजनी जलाशयात जाते. खालच्या गावांच्या पाण्याची प्रत अशा रीतीने वरच्या वस्त्यांच्या हाती असते.

कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्र मागे नव्हता. केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ साली झाला, तर राज्याचा कायदा त्यापूर्वीच १९६९ साली झाला होता. तथापि, केवळ सांडपाण्यातील घनतेवर मर्यादा घालणारा नियम अवर्षणाच्या नदीस अपुरा पडतो. नदीत पडणारा एकूण भार आणि त्या ऋतूतील प्रवाह या दोहोंची सांगड घालणे आवश्यक आहे.

त्यासाठी तालुका नव्हे, तर खोरे हाच नियोजनाचा घटक मानावा लागेल. जलाशयातून पाणी सोडताना सिंचनाबरोबरच पात्रातील किमान प्रवाहाचा विचार व्हावा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ठराविक विहिरींचे परीक्षण होऊन त्याचे निष्कर्ष ग्रामपंचायतीत मराठीतून लावले जावेत. पिण्याच्या विहिरींपासून उकिरडे व शोषखड्डे दूर असावेत. खत व पाणी पिकाच्या गरजेपुरतेच दिले जावे. पाणी किती आहे हे विहिरीत डोकावून कळते. ते कसे आहे हे परीक्षणाविना कळत नाही, आणि अवर्षणाच्या प्रदेशात दूषित झालेल्या विहिरीस पर्यायी दुसरी विहीर सहसा जवळ नसते.