शेऱ्याचा रकाना
तलमडुगुतील बिनतारी श्रवणाचा मागोवा

पैनगंगेच्या दक्षिणेस, जेथे एकाच आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि कोलामी या पाच भाषा कानी पडतात, त्या आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु या गावी माझे सारे आयुष्य गेले; आणि त्या आयुष्याचा जो भाग मी अंगणातल्या बाजेवर बसून दूरचे आवाज ऐकण्यात घालविला, त्याचा हिशेब कोणी मागेल असे मला कधी वाटले नव्हते. तो मागितला माझ्या बारा वर्षांच्या नातीने. गेल्या हिवाळ्यात मी हातातल्या बिनतारी संचात वारंवारितांचे आकडे भरीत बसलो असता तिने विचारले, "आबा, एवढे आकडे ह्यात भरून ठेवता ते कशाला?" त्या प्रश्नाचे जे उत्तर मी तिला एका दमात देऊ शकलो नाही, ते येथे क्रमाने मांडीत आहे.

आरंभ माझ्या जन्माच्याही आधीचा आहे. हैदराबादेत खाजगीरीत्या सुरू झालेले ध्वनिक्षेपण केंद्र निजाम सरकारने १९३५ साली आपल्या अमलाखाली घेतले आणि 'डेक्कन रेडिओ' या नावाने त्याचा आवाज संस्थानभर पोहोचू लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागतीची घोषणा केली ती याच केंद्रावरून. आणि आदिलाबादेत एका व्यापाऱ्याच्या पेढीपुढे जमलेल्या गर्दीत उभे राहून आपण ती वार्ता ऐकली, असे माझे वडील अखेरपर्यंत सांगत असत. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र आकाशवाणीच्या स्वाधीन झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, आणि आमच्याच जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे दोन तालुके मुंबई राज्यात गेले. तलमडुगु आंध्र प्रदेशात गेले. ज्या गावांशी पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या, ती गावे एका रात्रीत परप्रांतात गेली, दप्तराची भाषा बदलली, कचेरीच्या वाटा बदलल्या. परंतु नभोवाणीच्या लहरींना सरहद्दीचा कोणताही दगड अडवू शकला नाही.

हे वाक्य मी अलंकार म्हणून लिहीत नाही. मध्यम लहरींचा स्वभावच असा, की दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांतील एक पट्टा त्यांना शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो पट्टा विरला म्हणजे त्याच लहरी आणखी उंचावरून परावर्तित होऊन शेकडो कोसांवर उतरतात. त्यामुळे दिवेलागणीनंतर आमच्या घरातील संचाचा काटा फिरविला असता सारा मुलूख क्रमाने बोलू लागे. १९४८ साली सुरू झालेले नागपूर केंद्र, जे पुढे ५८५ किलोहर्ट्झ या आकड्याने ओळखले जाऊ लागले, ते आमच्या मराठीचे माहेर. ७३८ वर हैदराबाद, म्हणजे तेलुगू आणि उर्दू. आणि १९६८ पासून परभणी, ज्याचा आकडा पुढे १३०५ असा पक्का झाला, ते पेरणी-फवारणीच्या सल्ल्यांचे हक्काचे ठिकाण. आई परभणीसाठी, वडील हैदराबादच्या बातम्यांसाठी आणि आम्ही मुले नागपूरच्या नाट्यप्रवेशांसाठी काट्यावर हात ठेवीत असू. एका भाषेवरून दुसऱ्या भाषेवर सहजपणे जाणारा हा काटा, माझ्या दृष्टीने, आमच्या घरातील पहिला स्कॅनर होता. फरक एवढाच, की तो हाताने फिरवावा लागे.

त्या काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागत असे आणि त्याचे नूतनीकरण टपाल कचेरीत होई. माझे वडील त्याच खात्यात कारकून होते. परवान्यांच्या नोंदवहीत ते अनुक्रम, धारकाचे नाव, गाव, मुदत आणि रक्कम असे रकाने आखीत, आणि सर्वांत शेवटी, समासाला लागून, शेऱ्याचा एक रुंद रकाना सोडीत. तो बहुधा रिकामाच राही. एकदा मी विचारले, की ज्यात काही लिहायचे नाही तो रकाना आखता कशाला, तेव्हा ते म्हणाले, "टपाल पोचवायचं असतं, वाचायचं नसतं. त्या रकान्यात काही लिहावंसं वाटलं तरी हात आखडता घ्यायचा, हे ध्यानात राहावं म्हणून आखतो." उघडी पत्रे रोज ज्यांच्या हातून जात, गावातल्या कर्जाच्या, आजाराच्या आणि जमलेल्या-फिसकटलेल्या लग्नांच्या वार्ता ज्यांच्या नजरेखालून जात, त्या माणसाची ही शिस्त मला त्या वयात केवळ चमत्कारिक वाटली, तिचा अर्थ उमजण्यास पुढे चाळीस वर्षे जावी लागली.

१९८६ साली आदिलाबादेत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. तोवर आम्ही दूरच्यांचे ऐकत आलो होतो. आता प्रथमच आमचा जिल्हा स्वतः बोलू लागला. या केंद्रावरून गोंडी भाषेतील कार्यक्रम लागू लागले तेव्हा आमच्या शेतावर काम करणारे एक वृद्ध गोंड गृहस्थ संच दोन्ही हातांत धरून, कपाळाशी नेऊन ऐकत बसले होते, हे दृश्य मी विसरू शकलेलो नाही. आपली भाषा आकाशातून येऊ शकते, ही गोष्ट त्यांना मान्य करावयास काही क्षण लागले असावेत.

त्याच सुमारास माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला. एकदा दूरध्वनीवर तो म्हणाला, "मामा, इथे लोक खिशात मावेल असा संच घेऊन गावच्या बंबवाल्यांचं बोलणं घरबसल्या ऐकतात." स्कॅनर हा शब्द मी त्याच्याच तोंडून प्रथम ऐकला. सुरुवातीच्या स्कॅनरांत प्रत्येक वाहिनीसाठी वारंवारितेनुसार घासलेला स्फटिकाचा एकेक तुकडा बसवावा लागे. आठ ठिकाणे ऐकायची तर आठ स्फटिक. पुढे एकाच स्थिर स्फटिकापासून हव्या त्या वारंवारिता निर्माण करणारी मंडले आली, स्फटिकांची जागा अंकफलकाने घेतली, आणि यंत्र सांगितलेल्या आकड्यांवरून अखंड फेरी घालून जेथे आवाज असेल तेथे थांबू लागले. बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडे आलेल्या युनिडेन बेअरकॅट बीसी१२५एटी या नमुन्यात पन्नास-पन्नास वाहिन्यांच्या दहा बँका, म्हणजे एकूण पाचशे जागा होत्या. एक बँक त्याने अग्निशमनाला दिली होती, एक रेल्वेला, एक विमानांना, आणि एक १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सरकारी हवामानवृत्ताला. या याद्या मी त्याच्याकडून मागवून घेई आणि पुन्हा पुन्हा वाची. ज्याची वाहिन्यांची यादी हाती आली, त्याचे सारे गाव आपल्याला कळले, अशी माझी तेव्हापासून धारणा झाली आहे.

आपल्याकडील कायदा निराळा आहे, आणि तो निराळा आहे म्हणून मी कधी कुरकुर केली नाही. १८८५ चा भारतीय तार अधिनियम, १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम, आणि आता त्यांची जागा घेणारा २०२३ चा दूरसंचार अधिनियम, या सर्वांचा रोख असा, की बिनतारी यंत्र परवान्यावाचून बाळगू नये आणि जो संदेश आपल्यासाठी नाही तो चोरून ऐकू नये. ज्याला खरोखर ऐकावयाचे आहे त्याच्यासाठी सरळ मार्ग आहे तो हौशी बिनतारी परवान्याचा. परीक्षा द्यावी, हाकचिन्ह मिळवावे आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यांत वावरावे. त्या मार्गाला मी लागलो तो ३० सप्टेंबर १९९३ नंतर. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादेकडील गावे जमीनदोस्त झाली असता हौशी बिनतारीवाल्यांनी तेथे संपर्काचे काम केले, आणि त्यामागे हैदराबादेत १९८३ साली एस. सुरी यांनी स्थापन केलेली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था होती, हे कळल्यावर मला तो केवळ छंद वाटेनासा झाला; ते एक कर्तव्य वाटू लागले. अकरा वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत, हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांच्या चमूने अंदमानातील माणसांचे क्षेमकुशल मुख्य भूमीवरील आप्तांना पोहोचविले, तेव्हा त्या कर्तव्याची पुन्हा खात्री पटली.

हातातला संच माझ्याकडे आला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. बाओफेंग यूव्ही-५आर हे त्याचे नाव. शून्यापासून १२७ पर्यंत एकशे अठ्ठावीस जागा त्याच्या स्मृतीत आहेत. त्यात वाहिनी भरणे म्हणजे काय, हे ज्याने केले नसेल त्याला सांगतो. संच आधी मुक्त वारंवारितेच्या स्थितीत न्यावा, आकडा दाबावा, सूचीतील २७ व्या कलमात जाऊन रिकामी जागा निवडावी आणि नोंद पक्की करावी. बोलण्याची वारंवारिता ऐकण्याच्या वारंवारितेहून भिन्न असेल तर दुसरा आकडा दाबून त्याच जागेत पुन्हा नोंद करावी. १८ वे कलम स्कॅनची रीत ठरविते: आवाज लागल्यावर काही क्षण थांबून पुढे जावे, की आवाज संपेपर्यंत थांबावे, की तेथेच मुक्काम करावा. आणि या सर्वांआधी स्क्वेल्च, म्हणजे निव्वळ खरखर अडविणारा उंबरठा, इतकाच उंच ठेवावा की खरखर थांबेल पण दुबळा आवाज अडणार नाही. हा उंबरठा फार उंच ठेवणारा माणूस शांत राहतो खरा, पण त्याला दूरचे काहीच ऐकू येत नाही.

माझ्या संचातील सर्वांत प्रिय पाच जागा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या आहेत. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या त्या स्थानकावरील हौशी पुनःप्रक्षेपक ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. परंतु स्थानक जवळ येत असता आकडा किंचित वर आणि दूर जात असता किंचित खाली सरकतो, म्हणून ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५ आणि ७९० अशा पाच वाहिन्या ओळीने भरून, दहा मिनिटांच्या त्या फेरीत एकीवरून दुसरीवर उतरत जावे लागते. वर बोलण्याची वारंवारिता १४५.९९०, आणि तिच्यासोबत ६७ हर्ट्झचा मंद्र स्वर अवश्य हवा. हा स्वर प्रक्षेपणासाठी १३ व्या कलमात नोंदवायचा असतो. मी तो प्रथम ११ व्या, म्हणजे स्वीकाराच्या कलमात नोंदविला. परिणामी स्थानक माथ्यावरून जाई, आजूबाजूचे हौशी बोलत असतील हे मला ठाऊक असे, पण माझा संच त्या स्वराची वाट पाहत तीन आठवडे मुका राहिला. चूक सापडली त्या पहाटे गच्चीवर अँटेना हातात धरून उभा असता पहिला आवाज फुटला तो कोणा परदेशी माणसाने उच्चारलेल्या आपल्या हाकचिन्हाचा. आणि त्या चार-पाच अक्षरांनी माझे डोळे भरून आले.

काही आवाज या काळात कायमचे निमाले. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला आपला हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह हौशींची नऊ वर्षे सेवा करून २०१४ साली थांबला. १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात घड्याळासारखी टिकटिक करीत ढगांची चित्रे पाठविणारे नोआ मालिकेतील शेवटचे तीन उपग्रह २०२५ साली बंद करण्यात आले. त्यांच्या वाहिन्या मी अद्याप पुसलेल्या नाहीत. संच त्यांच्यावरून फेरी घालतो, काही सापडत नाही आणि पुढे जातो. वडिलांच्या नोंदवहीत मयत परवानाधारकाचे नाव खोडले जात नसे, त्यापुढे केवळ तारीख पडे, त्याचे मला स्मरण होते.

आदिलाबादच्या कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतची हवा गारठते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पसरतो. त्या दोन थरांच्या सांध्याने लघुतम लहरी एरवीच्या मर्यादेपलीकडे वाहत जातात. अशाच एका पहाटे नातीला घेऊन बसलो. १४४ ते १४६ हा पट्टा लावला. बराच वेळ काहीच नव्हते, मग १४५.५०० वर दोन माणसे मराठीत बोलताना ऐकू आली. हाकचिन्हे त्यांनी स्पष्ट सांगितली, गहू कसा आला आहे ते बोलले, एकाच्या वडिलांच्या दुखण्याविषयी बोलले, आणि परस्परांचा निरोप घेतला. मी नातीला वही दिली. तारीख, वेळ, वारंवारिता, हाकचिन्ह, आवाजाची प्रत असे रकाने तिने पट्टीने आखले आणि भरले. येत्या वर्षी ती परीक्षेस बसू शकेल. नियमाने त्यासाठी बारा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि तिची ती झाली आहेत.

"आबा, त्यांच्या वडिलांचं लिहू?" तिने विचारले.

मी काही बोललो नाही. तिने थोडा वेळ पेन हातात धरून ठेवले, मग पट्टी घेऊन समासाला लागून आणखी एक रुंद रकाना आखला, वर 'शेरा' असे लिहिले, आणि तो तसाच ठेवून वही मिटली.