शब्दांवांचून सात वचनें

गायकाच्या मुखांतून एकही शब्द न निघतां धर्मवचनाचा अर्थ श्रोत्यांपर्यंत पोंचविणें शक्य आहे काय? योसेफ हायडन ह्या ऑस्ट्रियन संगीतकारापुढें हा प्रश्न स्पेनमधून आला. कादिझ शहरीं ‘सांता कुएवा’ म्हणजे पवित्र गुहा नांवाचें भूमिगत प्रार्थनास्थळ आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेसाठीं, क्रुसावरील ख्रिस्ताच्या सात अंतिम वचनांवर केवळ वाद्यसंगीत रचावें, अशी तेथील धर्मोपदेशकाची मागणी होती.

त्या विधीचें वर्णन हायडननें १८०१ सालीं लिहून ठेविलें आहे. चर्चच्या भिंती, खिडक्या व खांब काळ्या वस्त्रानें आच्छादीत. मध्यभागीं एकच मोठा दीप तेवत असे. दुपारीं दारें बंद होत. धर्मगुरु एक वचन उच्चारी, त्याचें निरूपण करी आणि वेदीपुढें लोटांगण घाली. तेवढ्या अवकाशांत वाद्यें वाजावयाचीं. कीर्तनांत निरूपणामागून पद येतें, तसाच हा क्रम. मात्र येथें पदाला शब्द नाहींत.

सुमारें दहा मिनिटांचे सात विलंबित खंड एकामागून एक ऐकवून श्रोत्यांस कंटाळा येऊं न देणें सोपें नव्हतें. हायडननें प्रत्येक खंडाच्या आरंभीं पहिल्या व्हायोलिनच्या स्वरलेखनाखालीं तें लॅटिन वचन लिहिलें. तें वादकास दिसतें, श्रोत्यास ऐकूं येत नाहीं. पण स्वरांची चाल त्या वचनाचीच असते. दुसऱ्या वचनांत स्वर्गाचें आश्वासन आहे. तेथें षड्ज तोच राहून कोमल गांधाराच्या जागीं अखेरीस शुद्ध गांधार येतो. पांचव्यांत तहान आहे. तेथें तारा बोटांनीं छेडून कोरडे, तुटक स्वर काढले जातात. सातव्यांत वाद्यांचा आवाज दाबून मंद केलेला असतो, आणि त्यालाच जोडून शेवटचा धरणीकंप उसळतो. सबंध रचनेंत द्रुत लय काय ती येथेंच.

१७८७ सालीं हायडननें ही वाद्यवृंदाची कृति दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो ह्यांच्यासाठीं स्वतःच बसविली. त्यामुळें ती लहान दालनांतही वाजूं लागली. निरूपणाची जागा आतां पुष्कळदां कविता घेते. अमेरिकन कवि मार्क स्ट्रँड ह्यांनीं ब्रेंटानो वादकचतुष्टयासाठीं रचलेलें काव्य २००६ च्या त्यांच्या संग्रहांत आहे.

चित्रकला तर सांता कुएवांतच आहे. वरच्या दालनांत गोयाचीं तीन चित्रें आहेत: अंतिम भोजन, भाकरी व मासे वाढल्याचा चमत्कार, आणि विवाहभोजनाचा दृष्टांत. तिन्हींचा विषय अन्न. खालीं तहान आणि मृत्यु, वर भरलेलीं पानें, अशी ती योजना आहे.

अशा त्रिवेणी कार्यक्रमांत एक धोका असतो. शब्द व चित्रें फार झालीं कीं संगीत नुसती साथ होऊन बसतें. अगदीं अनभ्यस्त श्रोत्याच्याही अंतःकरणावर वाद्यस्वरांनींच ठसा उमटावा, असा हायडनचा हेतु होता. आपल्या लंडनच्या प्रकाशकास त्यानें तसें लिहिलेंही होतें. म्हणून कविता थोडकी असावी, चित्र एकच असावें, आणि व्हायोलिनवर गज टेंकतांच दोहोंनीं मागें सरावें.