कपडे वाळविण्याचें यंत्र अति तापल्यास काय पाहावें

पावसाळ्यांत आठ आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं अशा कोंकणांतील व घाटमाथ्यावरील कांहीं घरांत हल्लीं विजेवर कपडे वाळविण्याचें यंत्र, म्हणजे ड्रायर, येऊं लागलें आहे. त्याची नेहमींची तक्रार म्हणजे तें अति तापतें. कपडे हातांत धरवत नाहींत इतके कढत निघतात, करपट वास येतो, किंवा यंत्र मध्येंच बंद पडतें. अशा वेळीं तापविणाऱ्या भागांतच बिघाड झाला असावा, असा बहुतेकांचा समज होतो. आमच्या मतें हा समज बहुधा चुकीचा असतो. दोष उष्णतेचा नसून वाऱ्याचा असतो.

यंत्राची रचना फारशी गुंतागुंतीची नाहीं. आंत एक फिरतें पिंप असतें. त्यांत धुऊन पिळलेले कपडे घालतात. विजेच्या तारेच्या वेटोळ्यावरून हवा तापून येते, कपड्यांमधून जाते, त्यांचा ओलावा उचलते, बारीक जाळींतून गाळली जाते व पंख्याच्या जोरानें नळीवाटे बाहेर फेंकली जाते. विहिरीवर ऑइल एंजिन चालविणाऱ्यांस पुढील गोष्ट निराळी सांगावयास नको. एंजिनास थंड पाणी येण्याचें थांबलें म्हणजे सिलिंडर कढत होतो. आंतील जाळ वाढलेला नसतो, उष्णता वाहून नेणारें पाणी तेवढें थांबलेलें असतें. ड्रायरमध्यें पाण्याचें हें काम वारा करतो.

वाऱ्याची वाट अडविणारी मुख्य वस्तु म्हणजे कपड्यांतून सुटणारा सुताचा कीस. तो जाळीवर सांचतो. सबब दर घाण्यानंतर जाळी काढून साफ करावी. येथें एक बारकावा आहे. कपडे मऊ राहावे म्हणून धुण्यांत जें सुगंधी द्रव्य घालतात, त्याचा पातळ थर कालांतरानें जाळीवर बसतो. जाळी डोळ्यांस स्वच्छ दिसते, पण हवा जात नाहीं. जाळीवर थोडें पाणी ओतून पाहावें. तें गळून न जातां वर उभें राहिलें, तर जाळी साबण व मऊ ब्रश यांनीं घासून पूर्ण वाळवावी.

जाळीनंतर नळी. ती धातूची, आंतून गुळगुळीत, आंखूड व शक्य तितकी सरळ असावी. भात्यासारखी चुणीदार प्लॅस्टिकची नळी स्वस्त पडते. परंतु तिच्या प्रत्येक चुणींत कीस अडकतो, आणि पेट घेतल्यास ती स्वतःच जळते. नळीच्या बाहेरच्या तोंडाशीं बारीक जाळी मारूं नये. तिच्यावर कीस बसून तोंड बंद होतें. त्याऐवजीं वाऱ्यानें उघडणारी झडप असावी. यंत्र कित्येक महिने वापरांत नसल्यास कुंभारीण माशी तेथें मातीचें घर करते, तेंही पाहावें.

दोष नळीचा कीं यंत्राचा, हें ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. वीज तोडून नळी सोडवावी, खोलीच्या खिडक्या उघडाव्या, आणि समोर उभे राहून यंत्र दहा मिनिटें चालवावें. मागून जोराचा वारा येऊन ताप नेहमींइतकाच राहिला, तर दोष नळींत. वारा मंदच असला, तर आंत कीस भरला आहे किंवा पंखा आसावर सैल झाला आहे. वारा जोराचा असूनही ताप अधिक असेल, तरच थर्मोस्टॅट किंवा तापणारी तार तपासावयाची; आणि तें काम जाणत्या कारागिराचें.

विजेचा दाबही पाहावा. उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणें वाढते. २३० व्होल्टच्या जागीं २५० व्होल्ट आले, तर तार सुमारें १८ टक्के अधिक उष्णता देते. रात्रीं पंप बंद झाल्यावर ज्या गांवांत दाब चढतो, तेथें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां एका गैरप्रकाराविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. ताप हाताबाहेर गेल्यास एकदाच वितळून वीज तोडणारा एक छोटा फ्यूज बहुतेक यंत्रांत असतो. तो गेला म्हणजे कांहीं कारागीर त्या जागीं साधी तार जोडून देतात, आणि यंत्र सुरू झाल्यामुळें मालक संतुष्ट होतो. फ्यूज गेला तो कांहीं कारणानें गेला. तें कारण तसेंच राहतें, आणि अडविणारा मात्र उरत नाहीं. अशी दुरुस्ती करून घेण्यापेक्षां यंत्र बंद ठेवलेलें बरें. अमेरिकेंत २००८ ते २०१० या वर्षांत घरगुती ड्रायरमुळें दरसाल सुमारें २,९०० आगी लागल्या, व त्यांचें सर्वांत मोठें ज्ञात कारण यंत्राची सफाई न करणें हेंच होतें. १९ ऑगस्ट २०१६ रोजीं लंडनमधील शेफर्ड्स बुश भागांतील एका १८ मजली इमारतीस आग लागली, तीही चालू असलेल्या एका सदोष ड्रायरमुळें.

शेतकऱ्याच्या घरीं आणखी एक धोका असतो, तो तेलकट चिंध्यांचा. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन सुकतें व तसें होतांना उष्णता उत्पन्न करतें. अवजारांच्या लांकडास जवसतेल पुसलेलें फडकें धुतलें तरी त्यांत थोडें तेल राहतें. ड्रायरमधून तापून निघालेलीं अशीं फडकीं ढीग करून ठेविलीं, तर आंतील उष्णतेस बाहेर पडावयास वाट मिळत नाहीं, आणि कांहीं तासांनीं ढीग आपोआप पेटूं शकतो. ओल्या कडब्याची गंजी आंतून तापते, हें आपण पाहतोंच. कारण निराळें असलें तरी उष्णता कोंडण्याचा प्रकार तोच. म्हणून जवसतेलाचीं, डिझेलचीं व रॉकेलचीं फडकीं यंत्रांत मुळींच घालूं नयेत. तीं बाहेर, गोठ्यापासून व कडब्यापासून दूर, एकेक सुटें पसरून वाळवावीं. इतर कपडेही यंत्र मध्येंच थांबवून आंत तसेच ठेवूं नयेत. शेवटचीं कांहीं मिनिटें यंत्र केवळ गार हवा फिरवितें, तीं पुरीं होऊं द्यावीं, आणि नंतर कपडे काढून लगेच घड्या कराव्या.