सर्पदंशाविषयीचे अज्ञान आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

बी-बियाणे, खत, मजुरी व औतफाटा यांवर झालेला खर्च हिशेबी शेतकरी वहीत मांडून ठेवतो. परंतु अज्ञानापायी होणारा खर्च कोणत्याच सदरात पडत नाही. आणि कित्येक कुटुंबांस सर्वांत जड तोच जातो. शरीर व व्याधी यांविषयी यथार्थ माहिती नसल्याने शेतीधंद्याची किती हानी होते, हे सर्पदंशाच्या एका उदाहरणावरून दाखविण्याचे आम्ही योजिले आहे.

येडशीकर वाचकांस हा विषय परका नाही. एका अंगास बालाघाटचा डोंगर व रामलिंग घाटाचे अभयारण्य, दुसऱ्या अंगास सोयाबीन, तूर व ज्वारीची राने. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा क्रम ठरलेलाच आहे. सन 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे 12 लक्ष माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, म्हणजे ऐन खरिपातले होत. त्याआधी 2001 ते 2003 या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की, अशा दर चार मृत्यूंपैकी सुमारे तीन दवाखान्याबाहेर घडले. रोगी औषधापर्यंत पोहोचलाच नाही, हा याचा सरळ अर्थ होय.

तो का पोहोचत नाही? आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात; विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. असा मनुष्य मांत्रिकाकडे नेला असता बरा होणारच, आणि यश मात्र मंत्राच्या पदरी पडते. मग ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्यालाही त्याच वाटेने नेण्यात येते व मोलाचे तास वाया जातात.

माणसाचा घात करणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. पहिल्या दोहोंचे विष मज्जातंतूंवर चालते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही व अखेरीस श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. मण्यार विशेष फसवी. ती रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावते. दंशाच्या जागी फारशी वेदना वा सूज नसते. पहाटे पोट दुखू लागते आणि घरची माणसे अजीर्ण समजून ओवा देत बसतात.

या चारही विषांवर घोड्याच्या रक्तापासून केलेली एकच लस चालते व शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य मिळते. परंतु ती रक्तात फिरणारे विष मारते. बिघडून गेलेले मूत्रपिंड दुरुस्त करीत नाही. म्हणून विलंबाचा प्रत्येक तास खर्चात भर घालतो. वेळीच आलेला रोगी बहुधा काही दिवसांत घरी परततो. उशिरा आलेल्यास कृत्रिम श्वासयंत्र वा रक्तशुद्धीचे उपचार लागतात; सोबतीला घरचे आणखी एक माणूस अडकते, कोळपणी खोळंबते, पीक तणात जाते आणि दावणीची जोडी विकावी लागते. हात वा पाय गमावला तर ही तूट एका हंगामाची न राहता जन्माची होते.

म्हणून पुढील गोष्टी घरातील प्रत्येकास ठाऊक असाव्यात.

1. रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडे काढावेत.

2. दोरीने आवळणे, चिरा देणे, चोखणे, पाला बांधणे हे सर्व वर्ज्य समजावे.

3. 108 क्रमांकास कळवावे, किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे; लस आहे की नाही हे वाटेतच दूरध्वनीने विचारावे.

4. साप मारण्यात वेळ दवडू नये. दंशाची वेळ मात्र ध्यानात ठेवावी.

प्रतिबंध याहून स्वस्त आहे. रात्री पाणी देताना विजेरी व गुडघ्यापर्यंतचे बूट, निजण्यास खाट व चोहोबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, आणि कडब्याची गंज घरापासून दूर, एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतो.

एक गोष्ट जमीनधारक बंधूंस आग्रहाने सांगावीशी वाटते. सर्पदंशाने खातेदार शेतकरी दगावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांस 2 लक्ष रुपये मिळू शकतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विहित मुदतीत अर्ज करावा लागतो. परंतु ही योजना खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीपुरती आहे. भूमिहीन सालगडी व सुगीची मजूर स्त्री यांस तिचा आधार नाही, आणि गवतात पहिला हात त्यांचाच जातो. तेव्हा त्यांस बूट पुरविणे व ही माहिती तोंडी समजावून देणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. ज्यास वाचता येते, त्याने न वाचणाऱ्यास सांगावे. पेरणीपूर्वी बी पारखून घ्यावे, तशी ही तयारीही मृगापूर्वीच झालेली बरी.