वेळापुरात बसून नवी मुंबईतले सर्व्हर बंद-चालू

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

मी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरचं काम महिन्यातले काही दिवस वेळापुरातून करतो. अण्णा, म्हणजे माझे चुलते, विचारतात, "हितनं तिकडची मशीन कशी बंद करतोस रे?" उत्तर त्यांच्याच रानात आहे. तीन मोटारी, तीन मोबाईल स्टार्टर, तीन सिमकार्डं, तीन रिचार्ज.

रॅक म्हणजे सर्व्हर ठेवायचं लोखंडी कपाट. त्यामागची उभी पॉवरपट्टी म्हणजे पीडीयू. एक्स्टेन्शन बोर्डच, पण शहाणा. चांगल्या मॉडेलमध्ये प्रत्येक सॉकेटचे अँपिअर दिसतात आणि ते लांबून बंद करता येतं. सहसा एका रॅकला दोन पट्ट्या, ए आणि बी, वेगळ्या लाईनींवर. वीस रॅक म्हणजे चाळीस पट्ट्या. प्रत्येकीला वेगळा आयपी, वेगळा पोर्ट दिला की अण्णांच्या सिमकार्डांसारखीच गत.

म्हणून साखळी करायची. नेटवर्कची केबल पहिल्या पट्टीला, तिच्यातून दुसरीला, मग तिसरीला. सगळ्या एकाच आयपीवर दिसतात. एका साखळीत किती बसतात ते मॅन्युअलमध्ये बघा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या मात्र सहसा एकमेकींशी बोलत नाहीत. आणि कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आता एका लॉगिनवर सगळं आहे.

मधली केबल निघाली तर सर्व्हरची वीज जात नाही, फक्त पुढच्या पट्ट्या आपल्याला दिसेनाशा होतात.

लाईट आली की ऑटोवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, बघितलंय ना? सर्व्हरसुद्धा चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतात. म्हणून सॉकेट थोड्या थोड्या अंतराने चालू होतील अशी सेटिंग असते. ती लावाच.

आता माझी चूक. एक सर्व्हर अडकला होता. त्याला दोन पॉवर सप्लाय, म्हणून ए आणि बी दोन्हीकडची सॉकेट एका गटात घालून एका क्लिकवर बंद केली. पण बीकडचा प्लग कुणीतरी हलवला होता, नाव तेच राहिलं होतं. शेजारचा जुना, एकाच सप्लायवरचा सर्व्हर बंद पडला आणि अडकलेला तसाच चालू! त्यावरचं एका दवाखान्याचं बिलिंग चाळीस मिनिटं ठप्प.

तेव्हापासून क्लिक करण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून प्लगवरचा नंबर वाचायला लावतो. अण्णा म्हणतात, "मग त्यालाच बटण दाबू दे की!"