मोटार बोलेनाशी होते तेव्हा : निदानव्यवस्थेतील संदेशवहनाचे दोष

रोगी वैद्याकडे जातो तेव्हा आपल्याला काय होते हे तो स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो, आणि त्यामुळे वैद्याचे निम्मे काम हलके होते. यंत्राच्या बाबतीत ही सोय फार काळ नव्हती. मोटारीचे इंजीन अडखळू लागले की अनुभवी मिस्त्री त्याचा आवाज ऐके, धुराचा रंग पाही, प्लग काढून त्यांवरील काजळी तपासी आणि मग तर्काने दोष ठरवी. अलीकडच्या मोटारींना मात्र एक प्रकारची वाचा देण्यात आली आहे. स्वतःतील दोष मोटार स्वतः ओळखते, त्याची नोंद ठेवते, आणि विचारणाऱ्या यंत्राला ती सांगते.

पण ही वाचाच बंद पडली तर? गॅरेजमधील स्कॅनर जोडला असता पडद्यावर ‘संपर्क होत नाही’ एवढेच शब्द उमटले, तर दोष कोठे आहे हे कोणाला विचारावयाचे? अशा वेळी पुष्कळदा घाईघाईने गाडीचा मुख्य नियंत्रक बदलला जातो. मोठा खर्च झाल्यावर असे आढळते की मौन तसेच आहे, कारण दोष एका गंजलेल्या जोडात होता. हे टाळावयाचे असेल, तर मोटारीतील संदेशवहन कसे चालते आणि त्यात खंड कोठे पडू शकतो हे समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यवस्थेचा उगम

मोटारीच्या अंगी ही आत्मपरीक्षणाची शक्ती आली ती हवेच्या शुद्धतेसाठी. धूर स्वच्छ करणारे भाग नादुरुस्त झाले तरी गाडी चालतच राहते, आणि चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या नमुन्यांपासून अशी व्यवस्था बंधनकारक केली. पुढे १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना तिची सुधारलेली दुसरी पिढी लागू झाली. त्यामुळे सॉकेटचा आकार आणि दोषांचे सांकेतिक क्रमांक सर्व कंपन्यांसाठी एकसारखे झाले. भारतात भारत स्टेज ४ च्या चारचाकी गाड्यांत २०१० पासून पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा आला.

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यातील १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीची वीज, तर ४ व ५ क्रमांकांच्या पिनांवर अर्थिंग असते. उरलेल्या पिनांपैकी काही संदेशांसाठी आहेत. कित्येक जुन्या गाड्यांत ७ क्रमांकाच्या पिनेवरील एकाच तारेतून संभाषण चालते, आणि विश्रांतीच्या वेळी तीवर जवळजवळ बॅटरीइतकाच दाब असतो. अलीकडच्या गाड्यांत मात्र ६ व १४ या पिनांवरील दोन तारांची ‘कॅन’ नावाची पद्धती वापरतात. जर्मनीतील बॉश कंपनीने तिचे काम १९८३ मध्ये हाती घेतले, १९८६ मध्ये ती जाहीर केली, आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. पुढील विवेचन मुख्यतः या पद्धतीचे आहे.

दोन तारांची भाषा

मोटारीत एक नव्हे, अनेक नियंत्रक असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, दर्शकफलकाचा वेगळा. हे सारे एकाच तारांच्या जोडीला जोडलेले असतात. गावच्या चावडीवर सर्वांनी एकमेकांचे बोलणे ऐकावे, तसा प्रत्येक नियंत्रक या तारांवरील प्रत्येक संदेश ऐकतो.

या दोन तारांना ‘हाय’ आणि ‘लो’ अशी नावे आहेत. कोणी बोलत नसताना दोहोंवर सुमारे अडीच व्होल्ट दाब असतो. बोलताना हाय तार साडेतीन व्होल्टांकडे चढते आणि लो तार दीड व्होल्टाकडे उतरते. ऐकणारा नियंत्रक या दोन दाबांतील फरक तेवढा पाहतो. इंजिनाच्या ठिणगीमुळे तारांत उपद्रवी लहरी उत्पन्न होतात. परंतु तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने त्या लहरींचा परिणाम दोहोंवर सारखाच होतो. एकाच होडीत बसलेली दोन माणसे लाटेबरोबर वरखाली होतात, पण एकाची उंची दुसऱ्याहून किती अधिक हे बदलत नाही, तसेच हे आहे.

हे संभाषण अतिशय जलद चालते. सेकंदाला पाच लक्ष चिन्हे हा इंजिनाच्या जाळ्यातील नेहमीचा वेग होय. म्हणजे एका चिन्हाला सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग एवढाच अवधी मिळतो. विहिरीत हाक मारली असता ती जशी परत येते, तसे इतक्या वेगवान चिन्हांचे प्रतिध्वनी तारेच्या टोकावरून परत येतात आणि पुढच्या चिन्हांत मिसळतात. ते शोषून घेण्यासाठी जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोधक बसवितात. दोष शोधणाऱ्याला या दोन रोधकांचा मोठा उपयोग होतो.

प्रथम वीज, मग संदेश

संपर्क होत नाही असे दिसताच पहिली शंका स्कॅनरवर घ्यावी. तो दुसऱ्या, चांगल्या स्थितीतील गाडीला लावून पाहावा. तेथे तो बोलला तर तो निर्दोष. गाडीची किल्ली चालू स्थितीत आहे ना, आणि त्या गाडीची संदेशपद्धती स्कॅनरला समजते ना, हेही पाहावे.

त्यानंतर स्कॅनरचा पडदा उजळतो की नाही याकडे लक्ष द्यावे. तो सॉकेटमधूनच वीज घेणारा असूनही उजळत नसेल, तर संदेशांच्या तारांकडे पाहण्याचे कारणच नाही. १६ क्रमांकाच्या पिनेपर्यंत वीज येत नाही किंवा अर्थिंग तुटले आहे. अनेक गाड्यांत या पिनेचा आणि सिगारेट-लायटरच्या खाचेचा फ्यूज एकच असतो. त्या खाचेत मोबाईल चार्ज करण्याचे सदोष उपकरण घातल्याने फ्यूज उडतो, आणि गाडीची वाचा गेली असे वाटते.

अर्थिंग तपासताना एक सावधगिरी हवी. मल्टिमीटर स्वतः अत्यल्प प्रवाह घेतो. त्यामुळे गंजून जेमतेम टेकलेल्या जोडावरही तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवितो. म्हणून १६ व ४ या पिनांमध्ये बारा व्होल्टांचा पाच वॅटचा छोटा दिवा लावून पाहावा. दिवा मंद जळला तर जोड कच्चा आहे. जाड तार किंवा टाचणी पिनेच्या खाचेत खुपसू नये. खाच सैल होते आणि जुना दोष सापडण्यापूर्वीच नवा निर्माण होतो.

आता इंजिनाकडे वळू. गाडी चालू होऊन नीट चालत असेल, तर तिचा नियंत्रक जिवंत आहे आणि त्याला वीज मिळत आहे. दोष नियंत्रक आणि सॉकेट यांच्या दरम्यान शोधावा. उलट, गाडी चालू होत नसेल आणि किल्ली फिरविल्यावर इंजिनाचा इशारा-दिवाही लागत नसेल, तर नियंत्रकाची वीज, त्याचा रिले आणि त्याचे अर्थिंग आधी तपासावे. काही गाड्यांत आणखी एक कारण आढळते. नियंत्रक सेन्सरांना पाच व्होल्टांचा पुरवठा करतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की हा पुरवठा कोसळतो आणि नियंत्रक मुका होतो. सेन्सरांचे प्लग एकेक करून काढल्यावर संपर्क परत आला, तर दोषी सेन्सर सापडला असे समजावे.

साठ ओमची परीक्षा

आता दोन रोधकांचा उपयोग पाहू. बॅटरीची ऋण तार सोडवावी, काही मिनिटे थांबावे, आणि मग ६ व १४ या पिनांमधील रोध मोजावा. वीज चालू असताना रोध कधीही मोजू नये. तसेच एअरबॅगच्या तारांना मल्टिमीटर मुळीच लावू नये. तिचा स्फोट होण्याचा धोका असतो.

१२० ओमचे दोन रोधक समांतर जोडले की एकूण रोध निम्मा, म्हणजे ६० ओम होतो, हे शाळेतील विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. याच नियमावरून उत्तरांचा अर्थ लावता येतो. साठच्या आसपास आकडा आला तर दोन्ही टोके व मधली तार शाबूत आहेत. एकशेवीस आला तर एक रोधक जाळ्यापासून तुटला आहे. उंदराने कुरतडलेली तार किंवा निसटलेला प्लग हे त्याचे कारण असू शकते. शून्याच्या जवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. चाळीस आला तर कोठेतरी तिसरा रोधक जोडला गेला आहे. बाहेरून बसविलेल्या उपकरणामुळे असे घडू शकते. वाचन अनंत आले तर सॉकेटजवळच तार तुटली असावी.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. अनेक नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतील जाळी यांच्यामध्ये ‘गेटवे’ नावाचा द्वारपाल-नियंत्रक असतो. तेथे सॉकेटवर केलेले मोजमाप फक्त द्वारपालापर्यंतच्या तारांचे असते. आतील जाळ्याचे मोजमाप त्या जाळ्याच्याच जोडावर करावे लागते. म्हणून गाडीचा तारांचा नकाशा समोर असल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

रोध बरोबर आला तर बॅटरी पुन्हा जोडावी आणि किल्ली चालू करून प्रत्येक तारेचा अर्थिंगशी असलेला दाब मोजावा. संभाषण चालू असताना हाय तारेवर अडीच व्होल्टांहून किंचित अधिक आणि लो तारेवर किंचित कमी दाब दिसतो. दोहोंची बेरीज पाचच्या जवळ असते. एखादी तार शून्यावर असेल तर ती गाडीच्या अंगाला टेकली आहे, आणि बारा व्होल्टांवर असेल तर बॅटरीच्या तारेला.

दोषी शाखा आणि गैरहजर सभासद

जाळ्यात कोठेतरी शॉर्ट आहे हे कळले, पण कोठे हे कळले नाही, तर शाखा वेगळ्या कराव्यात. मल्टिमीटर जोडलेला ठेवून एकेका नियंत्रकाचा प्लग काढावा. ज्याचा प्लग काढताच वाचन सुधारते, तो नियंत्रक किंवा त्याची तार दोषी होय. मात्र ज्या नियंत्रकात टोकाचा रोधक बसविलेला असतो, त्याचा प्लग काढल्यावर वाचन १२० ओम होणारच. तो दोष नव्हे.

कधी मौन अपुरे असते. बाकीचे नियंत्रक बोलतात, एकच गप्प असतो. अशा वेळी इंग्रजी ‘यू’ या अक्षराने आरंभ होणारे क्रमांक नोंदले जातात. ‘यू ०१००’ म्हणजे इंजिनाच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला. ‘यू ०१२१’ म्हणजे ब्रेकची चाके जखडू न देणाऱ्या नियंत्रकाशी तुटला. हे क्रमांक ज्याने नोंदले त्याच्यात दोष नसतो. ज्याचे नाव घेतले त्याच्याकडे पाहावे. तीनचार नियंत्रक एकाच गैरहजर सभासदाचे नाव घेत असतील, तर त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि शाखा तपासावी.

तो सभासद स्वतःहूनही गप्प झालेला असू शकतो. प्रत्येक नियंत्रक आपल्या चुकांची मोजदाद ठेवतो. पाठविलेला संदेश चुकला की गणतीत आठ वाढतात, बरोबर गेला की एक कमी होतो. गणती २५५ च्या पुढे गेली की तो जाळ्यातून माघार घेतो. एका सदोष घटकाने सर्वांचे बोलणे बंद पाडू नये, हा त्यामागील हेतू होय.

क्रमाचे महत्त्व

वरील पायऱ्यांपैकी एकीलाही महाग साधन लागत नाही. मल्टिमीटर, छोटा दिवा आणि तारांचा नकाशा एवढे पुरते. नियंत्रक बदलण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. पुष्कळ गाड्यांत नवा नियंत्रक चोरीप्रतिबंधक किल्लीशी नव्याने जुळवावा लागतो. ते न केल्यास, आधी चालू होणारी गाडीही चालू होईनाशी होते. वीज आहे काय, अर्थिंग पक्के आहे काय, रोध साठ आहे काय, दाब योग्य आहे काय, आणि कोणती शाखा वेगळी केल्यावर फरक पडतो, हे प्रश्न याच क्रमाने विचारले तर प्रत्येक उत्तराबरोबर शोधाचे क्षेत्र लहान होत जाते. मोटारीने बोलणे थांबविले असले, तरी तिच्या तारांवरील दाब आणि रोध मोजता येतात, आणि दोषाचा ठाव बहुधा त्यांतूनच लागतो.